आत्याबाईंची साखर

आत्याबाईंनी गोळ्यांचं पाकीट जळत्या चुलाणात टाकलं तेव्हा मी शेजारीच सरपणाची मोळी सोडत होते. चंदेरी कागद आधी आकसला, मग त्याचा काळा फोड झाला. मी काही बोलायच्या आत त्यांनी कमरेच्या पिशवीतून दुसरं पाकीट काढलं आणि तेही आत भिरकावलं.

"आत्याबाई, अहो, साखरेच्या गोळ्या आहेत त्या!"

"मला दिसतंय काय हाय ते."

"मग जाळायलात काहून?"

"जाळायले. संपला विषय." आणि त्या पुन्हा कढईकडे वळल्या.

कुशावर्ताबाई दुधाटे म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. वसमतजवळच्या आमच्या गावात आता सगळीकडे हळद वाफेवरच्या बॉयलरमध्ये शिजते, पण मी सांगतेय तेव्हा शेतात चुलाण खणून त्यावर मोठी लोखंडी कढई चढवायची पद्धत अजून होती. ओली हळद भरायची, वरून गोणपाट झाकायचं आणि खालून जाळ घालत राहायचं. हळद कधी शिजली हे ठरवणं हे खरं काम. कमी शिजली तर आतून कच्ची राहते, जास्त शिजली तर रंग जातो. आत्याबाई गोणपाट उचलून वास घ्यायच्या, एक हळकुंड काढून त्यात काडी खुपसायच्या आणि म्हणायच्या, "उतरवा." त्यांनी उतरवा म्हटल्याशिवाय आमच्याच काय, शेजारच्या शेतातली कढईसुद्धा उतरत नव्हती.

त्यांना साखरेचा आजार होऊन बरीच वर्षं झाली होती. गोळ्या त्या नेमाने घ्यायच्या. दिवाळीत माझे दीर भागवत पुण्याहून आले तेव्हा कॅप्सूलच्या बाटल्या घेऊन आले. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल. त्यांच्या कंपनीतला कुणीतरी जोडधंदा म्हणून विकत होता. बाटलीवर हळकुंडाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं की मधुमेह मुळापासून जातो. आत्याबाईंनी बाटली हातात घेऊन हसून म्हटलं होतं, "घ्या! माझ्याच शेतातलं मला इकायले." पण घ्यायला लागल्या. गोळीही घ्यायच्या, कॅप्सूलही घ्यायच्या.

आता गोळ्या चुलाणात गेल्या आणि कॅप्सूल तेवढ्या राहिल्या.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. नागनाथ म्हणजे शांत माणूस. वाद दिसला की बैलांना पाणी पाजायला निघून जाणारा. त्या दिवशी मात्र ते बसले.

"अगं, आपण हळद पिकवणारी माणसं," ते म्हणाले. "आपलाच आपल्या हळदीवर भरवसा नसला तर लोकांनी काहून घ्यावी? भागवत म्हणत होता, त्याच्या साहेबाची साखर उतरली ह्याच्यानं."

"साहेब गोळी घेत नव्हता का?"

"ते मी न्हाई इचारलं."

"मग इचारा."

"तू इतकी काहून घाबरायलीस?"

त्यांना ठाऊक होतं मी का घाबरते ते. माझे वडील पूर्णेत कपडे शिवायचे. त्यांनाही साखर होती. एका बाबाने दिलेल्या चूर्णावर विश्वास ठेवून त्यांनी औषध सोडलं, बरं वाटतंय असं म्हणत राहिले, आणि एक दिवस सुईत दोरा ओवता येईना. नंतर सुईच दिसेना. माझ्या लग्नात अक्षता टाकताना त्यांनी आईला विचारलं होतं, "पोरगी कोणत्या बाजूला हाय?" मंडपात ते मी ऐकलं होतं. आत्याबाईंच्या बाबतीत मी ते होऊ देणार नव्हते. आमचं फार गूळपीठ होतं म्हणून नाही. उलट, त्या दिवसांत माझ्या मनात त्यांच्याविषयी राग साचला होता.

माझी थोरली प्रांजली, आणि धाकटी समृद्धी तेव्हा नुकतीच रांगायला लागलेली. दुसरीही मुलगीच झाली तेव्हा आत्याबाई काही बोलल्या नाहीत. समृद्धीला अंघोळ घालायच्या, पायावर घेऊन तेल चोळायच्या, शेतात झोळीला झोका द्यायच्या. पण नुकत्याच सरलेल्या शिवरात्रीपासून त्यांनी तिला हात लावणंच सोडलं होतं. पोर रडली तरी बसल्या जागेवरून मला हाक मारायच्या. मी विहिरीवर असले तरी हाक मारायच्या. शेजारची एक बाई मला म्हणालीही, "नातू पायजे होता त्यास्नी. उशिरा का व्हईना, बाहेर आलं." मी ते मनाला लावून घेतलं होतं.

तरीही दुसऱ्या दिवशी मी वसमतला गेले आणि औषधाच्या दुकानातून बोट टोचून साखर बघायचं यंत्र आणलं. शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्याला लागून असलेल्या आमच्या खोलीत, आत्याबाईंसमोर ठेवलं.

"हे काय?"

"साखर दाखवतं. तुम्ही कॅप्सूल घ्या, मी काही म्हणणार नाही. पण रोज सकाळी बोट टोचून बघायचं. साखर ताब्यात राहिली तर गोळीचं नाव मी पुन्हा काढणार नाही."

"आन न्हाई राहिली तर?"

"तर दवाखान्यात यायचं."

"तुझ्या बापावानी हट्टी हायस."

"माझे वडील हट्टी नव्हते. असते तर औषध धरून बसले असते."

त्यांनी बोट पुढे केलं.

पहिल्या दिवशी आकडा फार वाईट नव्हता. आत्याबाईंनी नागनाथांकडे असा काही विजयी कटाक्ष टाकला की ते उठून गोठ्यात गेले. मग मात्र आकडा चढायला लागला. आठवडा सरायच्या आत उपाशीपोटी तीनशेच्या वर गेला. आत्याबाई तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागल्या. तोंड सुकलेलं, पिंडऱ्यांत गोळे. यंत्रावरचा आकडा त्या स्वतः वाचायच्या, शाळेत चार इयत्ता शिकल्या होत्या. वाचायच्या आणि बोट पदराला पुसायच्या.

"आता चला," मी म्हटलं.

"न्हाई."

"तुम्ही कबूल केलं होतं."

"केलं आसंल."

"आकडा खोटा आहे का?"

"खरा हाय."

"मग?"

"वाढू दे."

मला हे कळेना. बाई हेकट होती, पण आंधळेपणाने विश्वास ठेवणारी नव्हती. बियाणं विकणारा माणूस कितीही गोड बोलला तरी मूठभर बेणं आधी स्वतः लावून बघणारी. तिला आकडा दिसत होता, खरा वाटत होता, आणि तरी ती वाढू दे म्हणत होती. मला एकच कारण सुचलं. मी सांगितलं, म्हणून ऐकायचं नाही.

त्याच आठवड्यात एक कढई बिघडली. आत्याबाईंनी काडी खुपसली, "उतरवा" म्हणाल्या, गड्यांनी हळद उतरवून पसरली. नागनाथांनी एक हळकुंड मोडलं तर मधोमध पांढरट कच्चा गाभा. त्यांनी दुसरं मोडलं. तेही तसंच. त्यांनी गड्यांना खुणेनेच पुन्हा भरायला सांगितलं. आत्याबाई बाजूला उभ्या राहून डोळे चोळत होत्या.

"धूर गेला डोळ्यात," त्या म्हणाल्या.

धूर पलीकडच्या बाजूला जात होता.

दुपारी गडी जेवायला गेले. आम्ही दोघीच आखाड्यावर होतो. मी भाकरी थापत होते, आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. समृद्धी रांगत रांगत त्यांच्यापर्यंत गेली आणि त्यांच्या पदराला धरून उभी राहायला लागली. आत्याबाईंनी तिच्या मुठीतून पदर ओढून घेतला. ती मागे बसली आणि रडायला लागली.

"अयोध्या! उचल हिला!"

"तुमच्या पायाशी आहे ती. तुम्ही घ्या."

"उचल म्हणते ना!"

हाताला पीठ तसंच, मी उठले. पोरीला उचललं आणि इतके दिवस जे गिळलं होतं ते बाहेर पडलं.

"दुसरीही मुलगीच झाली म्हणून हात लावत नाही ना तिला? सांगून तरी टाका एकदा. मला सगळं कळतं, आत्याबाई. तुम्हाला मी नको, माझ्या पोरी नको, माझं सांगणं नको. मी डोळ्यांसाठी बोलतेय तुमच्या, तर तुम्ही गोळ्या जाळता. डोळे गेल्यावर कोण करणार तुमचं? मीच ना?"

मला वाटलं त्या तुटून पडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरगी म्हून?"

"मग कशासाठी?"

"तुला आसं वाटलं? इतके दिस तुला आसं वाटायलंय?"

मी पोरीला थोपटत उभी राहिले.

"बस," त्या म्हणाल्या. "तिला धरून बस आन ऐक."

मी बसले.

"शिवरातीला तुम्ही सगळे पलीकडच्या वावरात हळद येचायला होता. मी कढईपाशी. ही झोळीत होती. उठली, रडायली, मी घेतलं कडेवर. हिला घेऊन कढईपाशी आले गोणपाट बघाय. तितक्यात हात थरथराय लागले. घाम आला, आंग सगळं गार. समोरची कढई दिसंना मला. माझ्या हातात लेकरू हाय हे कळत हुतं, पण हात माझे न्हवते. मी पडले, अयोध्या. हिला घेऊन पडले. म्हादेवानं मागं ढकललं म्हून मागं पडले. ओल्या हळदीच्या ढिगावर. पुढं पडले असते तर..."

बाहेर चुलाणात लाकूड फुटल्याचा आवाज आला. मी समृद्धीला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली.

"ही घरंगळत गेली माझ्या हातातून. मला उठता येईना. ही रडायलेली ऐकू येत हुती फक्त. मग हात लांबवला तर गड्यांसाठी ठेवलेली च्याची किटली लागली. गोड च्या. तो तसाच तोंडाला लावला. उपास मोडला का ऱ्हायला, देवाला ठाऊक. थोड्या येळानं डोळ्यापुढचं निवळलं. बघते तर ही चुलाणाकडं रांगायली."

त्या दिवशी समृद्धीच्या कपाळावर ओरखडा होता. झोळीतून घसरली, असं मला सांगितलं गेलं होतं.

"त्याच्या आधीच डाक्टरीणबाईंनी गोळी वाढवून दिली हुती," आत्याबाई म्हणाल्या. "गोळी वाढवली आन हे झालं. मंग मी ठरवलं. ह्या गोळ्या पुन्हा न्हाई. आन ह्या लेकराला पुन्हा हात न्हाई लावायचा. डोळे जायचे तर जाऊ देत. माझे जातील. तिचं काही जायला नगं."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू दोन्ही लेकरं घेऊन माहेरी गेली असतीस."

कदाचित गेलेही असते. त्या क्षणी मला दोन गोष्टी एकदम वाटत होत्या. ह्या बाईला धरून हलवावं, की इतकी मोठी गोष्ट पोटात ठेवून तुम्ही मला रोज समोरून भाकरी वाढू दिलीत. आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावं. दोन्हींतलं मी काहीच केलं नाही. तव्यावरची भाकरी जळायला लागली होती, ती उतरवली.

"उद्या वसमतला जायचं," मी म्हटलं.

"माहेरी?"

"वसमतला माझं माहेर नाही. दवाखान्यात जायचं. तुम्ही, मी आणि हे. आणि आता मला सांगितलं तसं सगळं तिथं सांगायचं. कॅप्सूलची बाटली सोबत घ्यायची."

"नागनाथाला नगं सांगू."

"त्यांच्या समोरच सांगायचं."

त्या म्हणाल्या, "हट्टी हायस." ह्या वेळी वडिलांचं नाव मध्ये आणलं नाही.

वसमतच्या डॉक्टर शहनाजबाई आत्याबाईंना बऱ्याच वर्षांपासून ओळखत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नागनाथ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. चुलाणाकडे रांगण्याचं आलं तेव्हा त्यांनी गजाला धरलं, पण वळले नाहीत.

"मावशी, शिवरात्रीला सकाळी गोळी घेतली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेतली. गोळी कधी चुकवली न्हाई मी."

"आणि खाल्लं काय?"

"निरंकार उपास असतो माझा."

"आणि ही कॅप्सूल?"

"ती बी. जास्तीची घेतली. जेवण नव्हतं ना, म्हटलं पोटात काही तरी जाऊ दे."

डॉक्टरांनी बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. "मावशी, तुमची साखर वाढली नव्हती त्या दिवशी. खाली गेली होती. एकदम खाली. ती गोळी जोराची आहे, ती घेऊन उपाशी राहायचंच नसतं. हे मुख्य कारण. ह्या कॅप्सूलनं त्यात भर घातली का, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण घातली असणं शक्य आहे."

"हळदीनं?" नागनाथ वळले. "हळद कशी काय वाईट करंल?"

"हळद वाईट नाही, भाऊ. मीही रोज खाते, तुमच्याच भागातली खाते. हळदीनं साखर थोडीफार उतरते असं काही अभ्यासांत दिसलंय. थोडीफार. गोळी सोडून द्यावी इतकी नाही, ते तुम्ही यंत्रावर बघितलंच. पण भाजीतली चिमूटभर हळद वेगळी आणि हा अर्क वेगळा. जे साखर उतरवू शकतं, ते गोळीच्या जोडीला जास्तही उतरवू शकतं. काहींच्या लिव्हरला त्रासही होतो. मी गोळी वाढवली तेव्हा मावशींनी मला सांगितलं असतं तर मी आधी ह्याचा विचार केला असता."

"तुम्ही इचारलं कुठं?" आत्याबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी बाटली खाली ठेवली. "नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "आता प्रत्येकाला विचारीन."

त्यांनी रक्त तपासायला घेतलं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळी बदलून दिली. ही गोळी एकटी घेतली तर साखर सहसा इतकी खाली नेत नाही, असं समजावून सांगितलं. कॅप्सूल बंद. घाम सुटला, हात कापायला लागले तर लगेच साखर तोंडात टाकायची आणि खाली बसायचं, उभं राहायचं नाही. आणि उपास बंद.

"नागनाथाला काय सांगू मग?" आत्याबाईंनी विचारलं. औंढ्याच्या नागनाथाला, म्हणजे देवाला. माझ्या नवऱ्याचं नावही त्याच्यावरूनच ठेवलेलं.

"सांगा, डॉक्टरनं अडवलं."

"तुमचं नाव कशाला सांगू? माझं त्याचं बोलणं असतं. मीच बघते."

परत येताना जीपमध्ये नागनाथ पुढे बसले होते. त्यांनी तिथूनच भागवतला फोन लावला. "बाटल्या पाठवू नको," एवढंच म्हणाले. पलीकडून बरंच काही बोलणं झालं असावं. यांनी सगळं ऐकलं आणि पुन्हा म्हणाले, "पाठवू नको. आन तुझ्या साहेबाला इचार, गोळी घेतो का ते."

हळद शिजवायचं काम संपलं, वाळवण सुरू झालं. आत्याबाईंची साखर उतरायला वेळ लागला, पण उतरली. डोळ्यांच्या पडद्यावर डाग आले होते, पण वेळेत आलात, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. पुढे उपचार झाले आणि नजर शेवटपर्यंत टिकली. समृद्धीला मात्र त्या अजून घेत नव्हत्या. जवळ बसवायच्या, टाळ्या वाजवून हसवायच्या. हात पुढे करून तिने घे म्हटलं की मान फिरवायच्या. यंत्र रोज सकाळी समोर ठेवायचे, त्या बोट पुढे करायच्या.

एका सकाळी आखाड्यावर मीच ठरवलं. आत्याबाईंनी भाकरी खाल्ली होती. बोट टोचून झालं होतं, आकडा चांगला होता. त्या खोलीच्या दाराशी जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. आसपास पेटती चूल नव्हती, जाळ नव्हता. मी समृद्धीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

त्यांचे हात वर उचलले गेले ते हवेतच राहिले. "अयोध्या, नगं."

"जेवलात ना?"

"जेवले."

"आकडा बघितलात ना?"

"बघितला. पण नगं, माय. उचल."

"वाळवण उलथायचं राहिलंय. ऊन चढायच्या आत करायला पाहिजे."

"तू हितंच थांब मग. हितं बसून घेते मी हिला."

"मी थांबले तर तुम्ही रोज मला थांबवाल."

मी फावडं घेतलं आणि निघाले. वाळवण हाकेच्या अंतरावर होतं. मागे वळायचं नाही असं ठरवलं होतं, पण अर्ध्या वाटेवर मनात एकदा कढई येऊन गेली. मी चालत राहिले. हळदीत फावडं घातलं, खालची ओलसर बाजू वर आणली, पुढच्या पट्ट्याला गेले. मागून आवाज नव्हता. मग समृद्धीचं खिदळणं ऐकू आलं आणि पाठोपाठ आत्याबाईंचा आवाज, खास मला ऐकू यावा इतका मोठा.

"तुझी आई लई आगाऊ हाय गं. लई आगाऊ. आता मी उठायचं कसं सांग, तू मांडीवर बसल्यावर?"

"उठूच नका," मी ओरडून सांगितलं, आणि पुढचा पट्टा उलथायला घेतला.